हौस म्हणून वेब डिझाइन शिकतोय. स्वतःसाठी काय काय बनवावं आणि कोणती ऑनलाइन साधनं वापरावीत?

तुम्ही लिहिलंय की एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी जमतं, थोडी जावास्क्रिप्टही येते. पण पोर्टफोलिओचं पान, हवामानाचं ॲप आणि कामांची यादी यापलीकडे बनवण्याजोगं काही सुचत नाही. शिवाय डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, विकत घ्यावं का, हेही विचारलंय.

माझं पोटापाण्याचं काम हिशेब तपासण्याचं. वेब डिझाइन ही निव्वळ हौस, पण ती इतकी वर्षं टिकली, कारण मी एकच गोष्ट धरून ठेवली: मराठी मजकुरासाठी लागणारी छोटी छोटी साधनं बनवायची. हवामानाची ॲपं पुष्कळ झाली. मराठीच्या बाबतीत मात्र अजून इतकी कामं अडून पडली आहेत की एका पानाचं साधनसुद्धा कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाला येतं.

सुरुवात अक्षरं मोजणाऱ्या पानापासून करा. वाटतं सोपं, पण ‘क्षत्रिय’ हा शब्द घेऊन बघा. आपण तीन अक्षरं म्हणू. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती आठ सांगते: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, पहिली वेलांटी, य. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना पाणीकपातीचा एसएमएस पाठवायचा असेल, तर आठच धरावी लागतात. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि मजकूर त्यापुढे गेला की प्रत्येक तुकड्यात ६७च. एवढ्याशा सूचनेचे तीन मेसेज का झाले, याचा उलगडा तिथे होतो. उलट शब्दकोड्याच्या चौकटी आखायच्या असतील, तर तीनच हवीत. त्यासाठी ब्राउझरमध्ये मजकुराचे अक्षरांप्रमाणे तुकडे पाडणारी इंटल.सेगमेंटर नावाची सोय आहे. क्रोममध्ये ती २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ ला आली. मेख अशी की जुन्या नियमांनुसार ती हलन्तापाशी जोडाक्षर तोडायची आणि क्, ष, त्, रि, य असे पाच तुकडे करायची. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारं प्रमाण. त्याच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम सुधारला, तेव्हा जोडाक्षर अखंड राहू लागलं. जुना फोन आणि नवा लॅपटॉप एकाच पानावर वेगळे आकडे दाखवतात ते यामुळे. मी म्हणून स्वतःचा छोटा नियम वर चढवते: तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढे व्यंजन असेल, तर दोन्ही जोडून टाक.

माझं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काम म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक. असे परिवर्तक इतरांनीही केलेत, तरी तुम्ही स्वतःचा करून बघाच. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फाँटांत टाइप केलेल्या स्मरणिका, दिवाळी अंकांचे लेख, कुळवृत्तान्त घरोघरी पडून आहेत. फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवले होते. कोणत्या खुणेला कोणतं अक्षर, याचा तक्ता करणं हे कष्टाचं पण सरळ काम. खरा कस पुढे लागतो. जुन्या फाँटात डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप होतं, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’ लिहिताना तिथे वेलांटी आधी आणि क मागून. ती उचलून क च्या पुढे न्यावी लागते. ‘स्थिती’ असेल तर एका अक्षरावरून नव्हे, अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारावी लागते. रफाराचं याच्या उलट. ‘मूर्ती’मध्ये जुन्या फाँटात रफार अगदी शेवटी, ती ची वेलांटी देऊन झाल्यावर येतो, युनिकोडला तो त च्या आधी ‘र आणि हलन्त’ असा हवा. म्हणजे मागे चालत जायचं, काना-मात्रा-वेलांट्या ओलांडायच्या, जोडाक्षर असेल तर त्याचंही पहिलं व्यंजन गाठायचं आणि त्याच्या आधी र् ठेवायचा. हे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधून बदलणाऱ्या सूत्रांत, बसवताना मला आपल्या लिपीची जी ओळख झाली, ती शाळेत झाली नव्हती.

या साधनाबाबत मी एका गोष्टीवर अजिबात तडजोड करत नाही. सगळं काम ब्राउझरमध्येच व्हायला हवं, मजकूर कुठल्याही सर्व्हरवर जाता कामा नये. लोक त्यात वडिलांचं मृत्युपत्र चिकटवतात, आजीच्या आठवणी चिकटवतात. ते त्यांचं आहे.

कुठलंही साधन केलं की त्याला तपासणीचे शब्द लावा. माझ्या यादीत आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी पहिली, मग वाङ्मय, हृदय, शृंगार, ज्ञानेश्वर, ॲप. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्यामुळे काही जुन्या फाँटांत तिथे रिकामा चौकोन दिसतो.

क्रम लावण्याचं पानही करण्यासारखं आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढे. वाचनालयाची पुस्तकयादी नुसती सॉर्ट केली की ‘काळ’ हा ‘काव्य’च्या आधी येतो आणि ग्रंथपालांच्या कपाळावर आठी उमटते. आकड्यांचं मात्र काम फुकटात होतं: एमआर-आयएन (भारतातली मराठी) ही भाषा दिली की ब्राउझर स्वतःहून १२,३४,५६७ असे देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम देतो.

दिसण्याबद्दल थोडं. इंग्रजी टेम्प्लेट उचलून त्यात मराठी ओतू नका. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतं, ते आधी शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या खाली मला चालत नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फाँट म्हणून मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ घ्या: सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत, फुकट आहे, छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. लांब लेखांसाठी ‘तिरो देवनागरी’ फार देखणा आहे आणि त्याची मराठीसाठी वेगळी आवृत्ती मिळते. पण त्यात ठळक वजन नाही. तुम्ही बोल्ड मागितलं की ब्राउझर अक्षरं फासून खोटं बोल्ड करतो, म्हणून मी तिथे शीर्षकं ठळक न करता आकाराने मोठी करते. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं जरूर लिहा. अंधांसाठीचे स्क्रीन रीडर त्यावरून कोणत्या भाषेत वाचायचं ते ठरवतात.

साधनांची माझी यादी छोटी आहे. लिहायला व्हीएस कोड, झटपट प्रयोगाला कोडपेन, शंका आली की एमडीएन हा वेबचा संदर्भकोश, एखादी सोय कोणत्या ब्राउझरात चालते हे पाहायला ‘कॅन आय यूज’, चित्रं हलकी करायला स्क्वूश, रंगांचा फरक पुरेसा आहे का हे पाहायला वेबएआयएमचा कॉन्ट्रास्ट तपासनीस. पान ठेवायला गिटहब पेजेस. तिथे साइट १ जीबीपर्यंत ठेवता येते, आणि तुमची दहा साधनं मिळूनही तिच्या कोपऱ्यात मावतील. फ्रेमवर्कच्या, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यांच्या, मागे आत्ता लागू नका. एक एचटीएमएल फाइल, एक स्क्रिप्ट, बस. पाच वर्षांनी उघडलं तरी ते चालतं.

डोमेन लगेच नको. आधी गिटहबचाच पत्ता वापरा आणि लोक साधनाकडे पुन्हा येतायत असं दिसलं की घ्या. कारण एकदा घेतलं की दरवर्षी पैसे भरायचे, आणि विसरलात तर सगळ्यांनी जपून ठेवलेले दुवे मेले. देवनागरीत डॉट भारतचं डोमेन २०१४ पासून मिळतं. मला ते मनापासून आवडतं. पण पत्त्याच्या पट्टीतून कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवलं की बऱ्याचदा ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य इंग्रजी ओळ उमटते, आणि ज्येष्ठ मंडळी तो दुवा फसवणुकीचा समजून उघडतच नाहीत. म्हणून घ्यायचंच झालं तर सोबत एक साधं डॉट इनही घ्या, आणि पाठवायला तेच वापरा.