घर खात्याचं, तुझं नव्हे

प्रिय मुली,

ओहायोतल्या डुप्लेक्सचे, त्या दोन बिऱ्हाडांच्या घराचे, फोटो पाहिले. भाव पटण्यासारखा आहे. जुन्या नोकरीतलं ४०१के, म्हणजे अमेरिकेतलं नोकरदारांचं निवृत्तीचं खातं, सेल्फ-डायरेक्टेड आयआरएत, म्हणजे गुंतवणूक आपणच निवडायच्या निवृत्ती खात्यात, वळवून त्या पैशातून ते घर घ्यावं, इथवर मी तुझ्या बाजूचा. पण पुढे लिहितेस, "रंगकाम मीच करीन, आणि आई-बाबा आले की खालच्या मजल्यावर राहतील." अगं, इथेच सगळं फिसकटलं!

ते घर खात्याचं. तू हात लावायचा नाही. अमेरिकन करकायद्याच्या कलम ४९७५ नुसार तू, नवरा, आई-वडील, मुलं, जावई-सुना, कुणीच तिथे राहायचं नाही. बाजारभावाने भाडं भरलं तरी नाही. सख्खा भाऊ मात्र त्या यादीत नाही, तेव्हा आपला नात्यांचा हिशेब तिथे लावू नकोस. नियम मोडलास तर किरकोळ दंडावर भागत नाही. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते खातं आयआरए राहतच नाही. सगळी रक्कम तू काढलीस असं धरून कर लागतो, आणि तुझं वय साडेएकोणसाठच्या आत असल्यामुळे वर १० टक्के जादा कर. २०२१ च्या मॅकनल्टी खटल्यात खात्याच्या पैशाची सोन्याची नाणी घरच्या तिजोरीत ठेवलेली होती. टॅक्स कोर्टाने ती काढून घेतलेली रक्कमच धरली.

कस्टोडियन, म्हणजे खातं ठेवणारी संस्था, अडवेल म्हणतेस? तो कागद सांभाळतो आणि फी घेतो. सौदा खरा की फसवा, हे पाहणं त्याचं काम नव्हे.

माझ्या खात्यातल्या घराचा नळ गळायचा तेव्हा पाना हाताशी असूनही मी प्लंबर बोलवायचो आणि बिल खात्यातून द्यायचो. मित्र मला कंजूष म्हणून ओळखायचे, ते यावर पोट धरून हसायचे. हसू देत. हात लावायचा नाही म्हणजे नाही! माझ्या नावावर घर असतं तर करात घसाऱ्याची वजावट मिळाली असती, ही रुखरुख आहेच. तरी मी पुन्हा तसंच करीन.

आणखी एक. छप्पर उडालं तरी खिशातून भरता येत नाही, आणि खात्यात नवीन पैसे टाकायची २०२५ ची मर्यादा तुझ्या वयाला ७,००० डॉलर होती. म्हणून सगळी रक्कम घरात घालू नकोस. कर्ज काढलंस तर तुझी व्यक्तिगत हमी चालणार नाही, आणि कर्जाच्या हिश्शाच्या उत्पन्नावर खात्यालाच कर लागू शकतो.

आणि हो, इसाराची रक्कम स्वतःच्या चेकने तर दिली नाहीस ना? दिली असशील तर आज रात्रीच फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
काका