मुद्दा बरोबर असूनही वरिष्ठ ऐकून घेत नाहीत. बोलण्याची पद्धत बदलून फरक पडतो का?

आपण स्टाफ नर्स आहात आणि पेशंटची तब्येत बिघडत असल्याचे कळवूनही डॉक्टर ते मनावर घेत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी बरीच वर्षे सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून काम करते आहे. माझ्या मते फरक नक्की पडतो; मात्र त्यासाठी आवाज चढवण्याची गरज नसते, नेमके बोलण्याची असते.

रात्रपाळीतला नेहमीचा फोन घ्या. "सॉरी सर, त्रास देतेय, पण पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय." झोपेतून उठलेल्या डॉक्टरांना यातून निर्णय घेण्याजोगे काहीच हाती लागत नाही, म्हणून "सलाइन चालू ठेवा, सकाळी राउंडला बघू" असे उत्तर मिळते, आणि आपल्या शब्दाला किंमत नाही असे समजून सिस्टर गप्प बसते. तोच फोन असा करता येतो: "सर, सात नंबर बेड, दुपारी ऑपरेशन झालेला पेशंट. संध्याकाळी बीपी 120/80 होतं, आता 90/60 आहे. पल्स 124, दोन तासांत युरिन फक्त 20 एमएल. आतून ब्लीडिंग होत असावं असं मला वाटतं. आपण आत्ता येऊन बघावं." यात अदब कुठेही सुटलेली नाही, ती 'आपण' आणि 'बघावं' यांत आहे, आणि वस्तुस्थिती मात्र जशीच्या तशी पुढे ठेवली आहे. आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज आणि शेवटी काय करावे ते, असा बोलण्याचा हा क्रम एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) या नावाने शिकवला जातो आणि तो अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून रुग्णालयांत आला.

मोघम बोलण्याची किंमत केवढी असू शकते, हे 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या, आव्हियांका या कोलंबियाच्या कंपनीच्या फ्लाइट 52 या प्रवासी विमानाने दाखवले. वैमानिकांनी प्राधान्य मागितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले, परंतु 'इमर्जन्सी' जाहीर केली नाही. नियंत्रकांना निकड उमगली नाही आणि 158 पैकी 73 जणांचा जीव गेला.

दोष नेहमी बोलणाऱ्याचाच असतो, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. "तू मला शिकवू नकोस" म्हणणाऱ्या वरिष्ठांपुढे उत्तम वाक्यही फुकट जाते, आणि अशांना आवर घालणे हे व्यवस्थापनाचेच काम आहे. आपणही वॉर्डातल्या मावशींशी आणि मामांशी कसे बोलतो, हे तपासायला हवे.

डॉक्टर येत नसतील, तर वाद न घालता "मग बीपी कितीच्या खाली गेलं की कळवू, सर?" असे विचारावे, मिळालेला आकडा, कोणाला कळवले ते आणि वेळ नर्सिंग नोट्समध्ये लिहावी आणि आकडा ओलांडला गेला की त्याच क्षणी पुन्हा फोन लावावा; तरीही कोणी आले नाही, तर त्यांच्या वरच्या डॉक्टरांना थेट कळवावे.