ग्राफीन घालूनही सिरॅमिक ठिसूळच का?

प्रश्न : अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकच्या) पुडीत वजनाने 2 टक्के ग्राफीन (कार्बनचे अतिशय पातळ, वीज वाहणारे पापुद्रे) कोरडंच घोटलं, वड्या दाबल्या आणि साध्या भट्टीत 1500 अंश सेल्सियसला भाजल्या. त्या पांढऱ्या निघाल्या. वीज वाहत नाही, शिवाय नुसत्या अ‍ॅल्युमिनापेक्षा लवकर फुटतात. काय चुकलं?

उत्तर : वड्या पांढऱ्या निघाल्या, म्हणजे ग्राफीन जळून गेलं. हवेत ते 600 अंशांच्या आसपासच जळू लागतं आणि जागोजागी चपट्या पोकळ्या उरतात. तडा तिथूनच सुरू होतो. भाजणी निर्वातात किंवा आरगॉनमध्ये हवी, आणि दाबाखाली हवी, कारण ग्राफीनचे पापुद्रे कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगची (दाबाखाली विजेचा प्रवाह सोडून झटपट भाजण्याची) सोय असेल तर ग्रॅफाइटच्या साच्यात 50 मेगापास्कल दाब, 1400 अंश आणि 5 मिनिटं, इथून सुरुवात करा.

पण खरी मेहनत त्याआधीची आहे. कोरडं घोटलं की पापुद्रे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, आणि गठ्ठा म्हणजे सिरॅमिकमधली भेगच. त्यापेक्षा ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन, घ्या. 100 ग्रॅम अ‍ॅल्युमिनाला 1 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात, बर्फात भांडं ठेवून अल्ट्रासोनिक यंत्राने (ध्वनिलहरींनी) अर्धा तास फोडा. अ‍ॅल्युमिना वेगळ्या पाण्यात कालवून पीएच 4 वर आणा. तिथे त्याच्या कणांवर धन भार असतो, ग्राफीन ऑक्साइडवर ऋण. ढवळत ढवळत एक पाणी दुसऱ्यात थेंबाथेंबाने ओता. पापुद्रे कणांना लपेटतात, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. ते तपकिरी राहिलं तर पीएच तपासा. गाळ शक्यतो गोठवून वाळवा. ओव्हनमध्ये पापुद्रे पुन्हा एकावर एक बसतात. ऑक्साइडमधला ऑक्सिजन निर्वातातल्या भाजणीत निघून जातो आणि वाहकता परत येते, मात्र वजन बरंच घटतं, ते हिशेबात धरा.

तुमचं 2 टक्के प्रमाणही जास्तच होतं. ग्राफीन हलकं, त्यामुळे घनफळाने ते साडेतीन टक्के भरतं. पापुद्रे नीट पसरले असतील तर घनफळाने 1 टक्क्याच्या आतच ते एकमेकांना टेकून विजेची वाट तयार होते. तडा पापुद्र्याशी वळतो, तड्याच्या दोन्ही कडा पापुद्रा धरून ठेवतो. चिवटपणा येतो तो यातून. प्रमाण फार वाढवलं की पापुद्र्यांचे थर साचतात आणि वडी त्या थरांवरच उकलते.

मोजण्याआधी वडीचा पृष्ठभाग घासून काढाच. साच्याचा कार्बन वर चिकटलेला असतो आणि नसलेली वाहकता दाखवतो. रोध दोन दिशांनी मोजा : पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे पडतात, म्हणून आडव्या दिशेने वीज जास्त सहज वाहते.