वाईहून धोमपर्यंत, सावकाश

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी, साऱ्या पन्नाशीच्या. थंडीत एक दिवस गावांमधून निवांत सायकली चालवायच्या आहेत. कुठे जावं?

उत्तर : ताई, उजाडताच वाईहून निघा. मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावर टांगलेली पोर्तुगीज घंटा जरूर बघा. पायऱ्यांवर तासभर तरी बसा. मला तर तिथून उठवतच नाही. मग धोमचं नरसिंह मंदिर गाठा, त्याच आवारातल्या महादेवाच्या मंदिरासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय. सगळ्यांत सावकाश चालवणारीला पुढे ठेवा, म्हणजे कुणी एकटी मागे पडत नाही. पंप आणि पंक्चरचं सामान शेवटच्या सायकलीवर. थंडी म्हणजे ऊसतोडीचे दिवस; उसाची ट्रॉली दिसली की खाली उतरून कडेला थांबा.