जनरेटर चालू, तरी यूपीएस बॅटरीवरच

प्रश्न : आमची छोटी रक्ततपासणी लॅब आहे. सेल काउंटर, अ‍ॅनालायझर आणि संगणक 2 केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसवर आहेत. लाइट गेली की 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर लावतो. ट्यूब, पंखे, फ्रिज नीट चालतात, पण यूपीएस दर चार-पाच सेकंदांनी ‘टिक्’ करून बॅटरीवर जातो, परत येतो, परत जातो. अर्ध्या तासात बॅटरी संपते आणि चालू सॅम्पल मध्येच अडकतं. वर्षात दोनदा बॅटऱ्या बदलल्या. यूपीएसवाला म्हणतो जनरेटर खराब, जनरेटरवाला म्हणतो यूपीएस नाजूक. गंमत म्हणजे फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असला की यूपीएस शहाण्यासारखा वागतो. जनरेटरवर यूपीएसचा ‘साइट फॉल्ट’चा लाल दिवाही लागतो, लाइटवर लागत नाही. मेन स्विच पाडून जनरेटरची वायर आम्ही भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावतो. काय करावं?
— एक लॅबचालक भगिनी, सांगोला

उत्तर : ताई, यूपीएसचं नंतर बघू. ‘भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावतो’ हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर. एक टोक निघालं तर उघड्या पिनांवर 230 व्होल्ट. आणि एखाद्या दिवशी मुलगा मेन पाडायला विसरला, तर तुमची वीज उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून 11 हजार व्होल्ट होऊन वरच्या तारेत शिरते. वर महावितरणचा माणूस लाइन बंद आहे समजून हात घालतो. ती वायर आजच कापून टाका. लायसन्सवाल्या वायरमनकडून डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. बाकीचं त्यानंतर.

आता टिकटिक. तुमचं अर्धं निदान फ्रिजच्या त्या एका वाक्यात आहे, आणि ते दोन्ही मेकॅनिकांनी ऐकून सोडून दिलेलं दिसतं.

तुमच्यासारखा छोटा जनरेटर मिनिटाला 3000 फेरे फिरला की 50 हर्ट्झ फ्रिक्वेन्सी देतो, म्हणजे विजेची सेकंदाला 50 आवर्तनं. 3180 फिरला की 53. ट्यूबला आणि पंख्याला याचं सोयरसुतक नसतं. यूपीएस मात्र व्होल्टेजइतकीच फ्रिक्वेन्सीही पाहतो आणि पटली नाही की बॅटरीवर जातो. किती पटतं ते त्याच्या पुस्तकात छापलेलं असतं. कुणाला 47 ते 53 लागतं, कुणाला 45 ते 55 चालतं, काही नवे 40 ते 70 सुद्धा पचवतात.

एक करून बघा. फ्रिज आणि यूपीएस दोन्ही काढून जनरेटर रिकामा चालवा आणि डोळे मिटून आवाज ऐका. सरळ ‘भर्रर्र’ येतोय, की ‘भों-ओं-भों-ओं’ असा वरखाली? वरखाली असेल, आणि तो असणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे, तर कार्ब्युरेटरचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं छिद्र, तुंबलाय. कमी लोडवर इंजिनला पेट्रोल मुख्यतः त्या बारीक वाटेनं मिळतं. फ्रिज लागला की थ्रॉटल उघडतो, मोठ्या जेटचं पेट्रोल येतं आणि इंजिन सावरतं. तुमचा जनरेटर महिन्यातून चार-दोनदाच चालत असेल. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा बसतो, त्यात आता इथेनॉल, ते ओलावा धरतं.

त्यात भर यूपीएसचीच. फ्रिक्वेन्सी क्षणभर पटली की तो सातशे-आठशे वॅटचा भार जनरेटरवर टाकतो. इंजिन दबतं, गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) रेटा देतो. तेवढ्यात यूपीएस नाराज होऊन सुटतो, आणि मोकळं झालेलं इंजिन 54 वर उडी मारतं. झोपाळ्यावर समोरासमोर बसलेल्या दोन पोरांसारखं, एकमेकांना झोका देत राहतात. यूपीएसवाला आणि जनरेटरवाला दोघंही खरं बोलतायत, फक्त अर्धं.

उपाय क्रमानं करा. कार्ब्युरेटर खोलून जेट साफ, एअर फिल्टर साफ, ताजं पेट्रोल. मग हर्ट्झ दाखवणारं मल्टिमीटर लावून गव्हर्नरचा स्क्रू असा बसवायला सांगा, की फ्रिज आणि यूपीएस दोन्ही चालू असताना 50–51 यावं आणि रिकामं असताना 52 च्या आसपास. मेकॅनिक कानानं सेट करतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि मीटर लावायला लावा. लोड आला की दबू नये म्हणून ही मंडळी रिकाम्या मशीनलाच 53–54 वर ठेवतात. नंतर यूपीएसच्या सेटिंगमध्ये इनपुटची रेंज रुंद करा. त्याला कुठे ‘जनरेटर मोड’ म्हणतात, कुठे सेन्सिटिव्हिटी ‘लो’ करायची असते. हे शेवटी. आधी केलंत तर आजार झाकला जाईल.

एवढ्यानंतरही टिकटिक उरली, तर जनरेटरवर कायमचा थोडा लोड ठेवा, एखादा पाचशे वॅटचा हॅलोजन. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, तो काही ओढतच नाही. इस्त्रीही नको, थर्मोस्टॅट तिला मधूनच बंद करतो.

ही युक्ती मला 2006 मध्ये इचलकरंजीत कळली, भारनियमनाच्या दिवसांत. एका डीटीपीवाल्याचा यूपीएस जनरेटरवर किंचाळायचा. मी फ्रिक्वेन्सी बघत बसलो, ती चोख 51. संध्याकाळ गेली. शेवटी वैतागून मीटर व्होल्टवर फिरवलं तर 272! त्याचा जनरेटर कपॅसिटरवाला होता, व्होल्टेज सांभाळणारं एव्हीआर कार्ड त्यात नसतंच. यूपीएसच्या इनपुटलाही कपॅसिटर असतात; लोड हलका असला की ते असल्या जनरेटरला उलट अधिक चेतवतात, व्होल्टेज चढतं. दोनशे वॅटचा पिवळा दिवा लावला, व्होल्टेज खाली आलं, पोरगं परत टायपिंगला बसलं. तेव्हापासून मी आधी दोन्ही आकडे घेतो, मग बोलतो. तुमच्याकडेही व्होल्ट बघून घ्याच.

साइट फॉल्टचा दिवा वेगळा विषय आहे. छोट्या जनरेटरच्या दोन वायरांपैकी एकही बहुधा अर्थला जोडलेली नसते. तिथे खरा न्यूट्रल नाहीच. टेस्टर लावलात तर दोन्हीकडे मंद उजळेल. यूपीएस न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजतो, तिथे शंभर-एक व्होल्ट दिसले की दिवा लावतो. जनरेटरचं पुस्तक परवानगी देत असेल तर एक टोक त्याच्या बॉडीला आणि चांगल्या अर्थिंगला जोडून त्यालाच न्यूट्रल करतात. मग न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. पण हे डबल पोल चेंजओव्हर बसल्यावरच, आणि वायरमनच्या हातून. पुस्तकात मनाई असेल तर त्या दिव्याबरोबर राहायला शिका.

बॅटऱ्या गेल्या त्यात बॅटऱ्यांचा दोष नाही. दर वेळी तळापर्यंत रिकाम्या झाल्या की त्या वर्षही काढत नाहीत. तिसरा सेट आत्ता घेऊ नका. जनरेटरवर यूपीएस सलग तासभर शांत राहतोय हे आधी बघा. सुरू करतानाही जनरेटर दोन मिनिटं तापू द्या, फ्रिज लावा आणि यूपीएस सर्वांत शेवटी.

प्रश्न : सोसायटीचा डिझेल जनरेटर लागला की घरातला इन्व्हर्टर चार्ज न होता बॅटरीवरच चालतो. शेजाऱ्यांचा मात्र चार्ज होतो. नवा घ्यावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थांबा. इन्व्हर्टरच्या पाठीमागे धुळीत एक छोटं बटण असेल, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’. तुमचं यूपीएसवर असणार. त्यात इन्व्हर्टर साधारण 180 ते 260 व्होल्टच घेतो, नॉर्मलमध्ये 100 ते 290 पर्यंत घेतो. खालच्या जनरेटरचं व्होल्टेज लांब केबलमधून तुमच्या मजल्यावर येईपर्यंत पडत असेल. बटण फिरवा. तोटा एवढाच, की लाइट जाता-येता संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉपवर काम करत असाल तर तोही नाही.

प्रश्न : 5 केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसला दुकानदार 15 केव्हीएचा जनरेटर घ्या म्हणतो. बरोबर आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचा यूपीएस जुना, थायरिस्टर रेक्टिफायरचा (आलेल्या एसीचं डीसी करणारा जुन्या पद्धतीचा भाग) असेल तर दुकानदार बरोबर आहे, तो करंट वेडावाकडा ओढतो. इनपुटला पॉवर फॅक्टर करेक्शन, म्हणजे करंट नीट ओढण्याची सोय, असलेला नवा असेल तर दीडपट, म्हणजे साडेसात पुरतो. मात्र त्याच जनरेटरवर एसी किंवा पाण्याची मोटर टाकणार असाल तर त्यांचा सुरू होतानाचा झटका वेगळा धरा. यूपीएसच्या पाटीचा फोटो आणि बाकी सामानाची यादी पाठवा, पुढच्या अंकात नेमका आकडा सांगतो.