चाळिशीच्या आसपास हॉकी शिकता येते का, तेही डावखुऱ्याला?

वय 38, डावखुरा, स्टिक कधी हातात धरलेली नाही. आता जमेल का आणि स्टिक कुठली घेऊ, असं तुम्ही विचारलंय. स्टिकचं नंतर बघू. 'डावखुरा' वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच शब्दावरून मला सातवीत शाळेच्या टीममधून घरी पाठवलं होतं.

पीटीचे सर म्हणाले होते, "डाव्या हाताची स्टिक येत नाही. तू खो-खोला जा." स्टिक खरंच येत नाही. सपाट बाजू एकच, गोल बाजू चेंडूला लागली की फाऊल. पण म्हणून डावखुऱ्याने खेळूच नये? साफ चूक. हे कळायला मला एक्केचाळिसावं वर्ष उजाडलं.

खडकीतलं मातीचं मैदान, पहिला रविवार. मी डावखुऱ्या बॅट्समनसारखा उजवा हात वर, डावा खाली धरून उभा. नववीतली एक पोरगी आली, म्हणाली, "काका, हात उलटे." मग माझा खालचा हात तिने काढायलाच लावला. फक्त वरच्या, डाव्या हाताने स्टिक फिरवायची, कुलपात किल्ली फिरवावी तशी. चेंडू उजवीकडून डावीकडे आणला की स्टिक उलटी करून परत उजवीकडे. "खालचा हात म्हणजे नुसता बोगदा. आवळायचा नाही." माझ्याबरोबर आलेले एक बँकवाले, पक्के उजव्या हाताचे, दहा मिनिटांत डावं मनगट चोळत बसले. मी चालूच! म्हणजे हॉकीत स्टिक फिरवतो तो डावा हातच, आणि आम्हाला त्यासाठीच घरी पाठवलेलं.

आमचा दादा त्याच टीममध्ये होता. तो अजूनही सरांचीच बाजू घेतो. म्हणे धनराज पिल्ले इथलाच, खडकीचा, पोरवयात मोडक्या स्टिकने खेळला म्हणून चार ऑलिंपिकला गेला. हॉकी त्याच वयात मुरते. अरे, पण मला रविवारी सात ते नऊच खेळायचंय ना.

स्टिक साडेछत्तीस इंची चालेल, फार उंच असाल तर एक इंच जास्त. कार्बन फायबर कमी असलेली घ्या. जास्त कार्बनची कडक असते, नवशिक्याकडे चेंडू अडतच नाही, टणकन उसळतो. त्याआधी शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचं कवच. चेंडू 160 ग्रॅमच्या आसपासचा, दगडासारखा. घोट्यावर बसला की आई आठवते.

आणि हो, कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. मी ऐकलं नाही, तीन आठवडे पट्टा बांधून ऑफिसला गेलो. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर डॉक्टरांना विचारून या. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

दादा गेल्या महिन्यात मैदानावर आला होता. मी स्टिक दिली, म्हटलं, एका हाताने फिरवून दाखव. तिसऱ्या फेरीला चेंडू त्याच्याच पायात. म्हणाला, "मला टर्फची सवय आहे." आमच्या शाळेत टर्फ सोडा, गवतसुद्धा नव्हतं.