जुन्या गाडीच्या पत्र्याला मिग वेल्डिंग करायचंय, गॅस कुठला घेऊ: साधा सीओटू की आर्गॉन मिक्स? छोटा सिलिंडर पुरेल का?

मिक्स घ्या. 80 टक्के आर्गॉन, 20 टक्के सीओटू. मिगमध्ये मशीनमधून सरकत येणारी वायर वितळून जोड होतो आणि गॅस त्या जोडाला हवेपासून वाचवतो. "सीओटूनं पण होतंय की" म्हणणारे तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील. त्यातले एक आमच्या घरातच आहेत, म्हणून लिहायला बसलोय.

माझे काका बेळगावात उद्यमबागेत फॅब्रिकेशन करतात. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्या कामात त्यांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. बाबांची मारुती 800 काही वर्षं वास्कोला होती. तिथली खारी हवा आणि परत आल्यावर इथला पाऊस. मॅट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळणी झालेला. मी म्हटलं, मिक्स आणूया. काका म्हणाले, "जन्मभर सीओटूच वापरलाय. पत्र्याला काय कळतंय कुठला गॅस?" आणि शॉपमधलं मशीन आणून सुरूच केलं.

पहिल्याच टाक्याला भोक. ते भरायला गेले तर कड वितळून भोक आणखी मोठं. हा पत्रा जेमतेम 0.8 मिलिमीटरचा, त्यात गंजून आणखी पातळ झालेला. सीओटूचा आर्क, म्हणजे वायर आणि पत्र्यामधली विजेची ठिणगी, रखरखीत, एका जागी खोल घुसतो. ट्रॉलीच्या अँगलला तेच हवं असतं, पत्र्याला तेच मारतं. शिवाय वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडून पुढच्या काचेवर बसले. थेंब निघतात, खड्डे कायमचे राहतात. आणि जो टाका बसला तो उंच, गोळा झालेला. तो ग्राइंडरनं सपाट करताना शेजारचा पत्राच घासला जातो.

नंतर मी मिक्सचा सिलिंडर भाड्यानं आणला, 0.6 मिलिमीटर जाडीची वेल्डिंगची वायर लावली, कुजलेलं सगळं चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढलं आणि एक टाका इथं, एक हातभर लांब, असं गार होऊ देत देत नवा तुकडा बसवला. आर्क मऊ, टाका पसरट, घासायला फार नाही. तो पत्रा आजही शाबूत आहे. तरी घरात लग्नकार्य असलं की काका चार लोकांत म्हणतात, "पोरानं गॅसवर पैसे घातले." काका, थिनर, पुट्टी, ग्राइंडिंगच्या चकत्या आणि नवी काच यांचा हिशेब धरा, मग बोलूया.

एक मात्र मान्य करतो. त्या दिवशी काकांच्या मशीनला 1.2 ची वायर होती. 0.6 किंवा 0.8 ची लावून व्होल्टेज उतरवलं असतं तर सीओटूवरही पत्रा सांधला गेला असता, थेंब जास्त उडाले असते इतकंच. अगदीच पैसे नसतील तर तसं करा. चेसिसच्या जाड भागाला तर सीओटू उत्तमच आहे.

सिलिंडरचं म्हणाल तर 10 लिटरचा, 150 बार दाबाला भरलेला म्हणजे सुमारे 1500 लिटर गॅस. मिनिटाला 10 लिटर सोडला तर नुसता आर्कच अडीच तास चालतो. टाक्याटाक्यानं काम करणाऱ्याला तो बराच पुरतो. मिक्सचा दाबाचा काटा हळूहळू उतरतो, त्यामुळे अंदाज येतो. सीओटू आत द्रवरूप असतो, काटा शेवटपर्यंत हलत नाही आणि ऐन कामात गॅस संपतो. सीओटूचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करणारी तोटी, मिक्सच्या सिलिंडरला जुळवून लावू नका, मिक्सचा दाब त्याच्या दुपटीहून जास्त असतो.

अंगणात वारा असेल तर कुठलाच गॅस टिकत नाही, आडोसा करा. बॅटरीची वायर सोडा, आतलं कार्पेट काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा. आणि दुकानात नुसतं "आर्गॉन द्या" म्हणू नका. शुद्ध आर्गॉन ॲल्युमिनियमला; लोखंडी पत्र्यावर त्याचा आर्क भटकतो आणि टाका नीट धरत नाही.